आमच्या बाकाचा नियम

आमचं कॉलेज संध्याकाळी भरायचं. दिवसा त्या इमारतीत मुलांची शाळा असे, म्हणून बाकं लहान होती, आणि त्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे वर करून बसायचो. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत होती ती इमारत. सहाच्या घंटेआधी कचेऱ्यांमधून सुटलेली माणसं सायकली भिंतीला टेकवून धावत जिना चढायची. कोणी तहसिलीतला कारकून, कोणी रेल्वेचा गार्ड, कोणी शाळामास्तर. बायका आम्ही सहाच. खिडकीकडच्या दोन बाकांवर मावायचो. आज त्या गल्लीत तयार कपड्यांची दुकानं झाली आहेत आणि जिना नेमका कुठे होता तेही मला दाखवता येणार नाही. पण डोळे मिटले की खडूचा वास येतो, आणि खालच्या हॉटेलातल्या तर्रीचा.

ही गोष्ट अडुसष्ट सालची. मी तेव्हा कॉर्पोरेशनच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण होते, तेहतीस वर्षांची, दोन मुलांची आई.

माझं अर्धं शिक्षण हिंदी मुलखात झालेलं. वडील बालाघाटला रेल्वेत होते. त्यांनी मला जबलपूरला वसतिगृहात ठेवलं. इंटर झाले, बी.ए.चं पहिलं वर्षही झालं. छप्पन साली वडील सगळं घर घेऊन दीक्षेसाठी नागपूरला आले, आणि त्याच गर्दीत त्यांना आनंदराव रामटेके नावाचा टपाल खात्यातला मुलगा भेटला. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, मी नागपूरच्या इंदोऱ्यात आले, आणि बी.ए.चं शेवटचं वर्ष तिकडेच राहून गेलं.

बारा वर्षांनी ते वर्ष पुरं करायला निघाले तेव्हा कळलं, शिक्षण म्हणजे काही सतरंजी नव्हे, तिथे गुंडाळली आणि इथे अंथरली असं होत नाही. इथल्या विद्यापीठाने माझी इंटर मान्य केली, पहिलं वर्षही मान्य केलं, पण अटीवर. इथे शिकलेल्या बायका घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देऊ शकत. मी दुसऱ्या विद्यापीठातून आलेली, त्यामुळे मला इथल्या कॉलेजात दोन्ही सत्रं प्रत्यक्ष हजर राहून भरायची होती. दर विषयात पाऊण हजेरी. कॉलेजने सत्र मंजूर केलं तरच परीक्षा. आणि हे वर्ष शेवटचं होतं. तीन वर्षांचा नवा अभ्यासक्रम आला होता, आमच्यासारख्या जुन्या लोकांसाठी ही अखेरची संधी. ती हुकली की जबलपूरचं वर्ष वाया आणि बी.ए. पहिल्यापासून. इकडे आमची शाळा वरचे वर्ग उघडणार होती, ते वर्ग पदवीवाल्यांना मिळणार होते. माझा नंबर पहिला होता, पदवी असती तर.

बाकावर माझ्या शेजारी शोभाताई उमाळकर बसायची. महाल भागातली. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडून द्यायची. नवऱ्याने टाकलेली, एक मुलगी पदरात, भावाच्या घरी एका खोलीत राहायची. अशी बाई दुर्मुखलेली असेल असं वाटतं, पण ती हसली की पुढची रांग वळून बघायची. तिला आवाज काढता यायचे. एक्सचेंजवर एकटी असली की गिऱ्हाइकाला तीन बायका कामावर आहेत असं वाटायला लावायची. एकदा तिने प्राचार्यांचा आवाज काढून आम्हालाच उभं केलं होतं.

आमच्या बाकांवर एक रीत होती. सगळ्या नोकरीच्या बायका. कोणाची कामाची पाळी लांबायची, कोणाची बस चुकायची. हजेरी घेणारे प्रोफेसर मान वर करत नसत. तेव्हा जी आली नाही तिच्या नंबरावर दुसरीने 'हजर' म्हणायचं. या रीतीला नियम एकच, तोही शोभाताईनेच घातलेला. जिच्यासाठी ओ दिली तिला सांगायचं नाही. कधीच नाही. का, तर उद्या पकडलं गेलं तर तिला खऱ्या तोंडाने म्हणता यावं की मला काही माहीत नाही. मला या रीतीची गरज पडली नव्हती. माझी शाळा लवकर सुटायची, मी घंटेच्या आधीच येऊन बसलेली असायची.

त्या वर्षी दसऱ्याला मात्र गाडं अडलं.

दसऱ्याच्या सुमारास इंदोऱ्यात कोणाच्या घराला दार नसतं. आमच्याकडे पवनीकडची माणसं यायची, फडक्यात भाकरी बांधून, लेकरं खांद्यावर घेऊन. अंगणात, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे झोपायची, दीक्षाभूमीवर जाऊन यायची आणि आपापल्या गावी परतायची. त्या वर्षी सगळी परतली, एक बायजाबाई राहिली. ही माझ्या यजमानांची आत्या. तिला हगवण लागली ती थांबेना. सरकारी दवाखान्यात भरती करावं लागलं, आणि तिथे जवळ बाईमाणूस हवं. दिवसा माझ्या सासूबाई, भीमाबाई. शाळा सुटली की मी. कॉलेजची वेळ तीच माझी दवाखान्याची वेळ. दिवाळीची सुटी लागेपर्यंत मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. शोभाताईला एवढाच निरोप पाठवला की घरी आजारपण आहे.

बायजाबाई बरी झाली. सुटी संपली. पहिल्याच दिवशी फळ्यावर सूचना होती, ज्यांची हजेरी कमी असेल त्यांनी कारणासह अर्ज करावा, प्राचार्य विचार करतील. शोभाताईची त्या आठवड्यात संध्याकाळची पाळी होती, ती आली नव्हती. मी घरी गेले, अर्ज लिहिला, दवाखान्याचा दाखला जोडला, दुसऱ्या दिवशी खिडकीत दिला. माझी पात्रता तात्पुरती, माझ्या नावावर लाल शाईची खूण. मला वाटलं, उशीर नको.

चार दिवसांनी हेडक्लार्क चंपतरावांनी खिडकीतून हाक मारली.

"रामटेके बाई, इकडे या. तुम्ही कायची माफी मागून राहिल्या?"

"गैरहजेरीची. अर्जात लिहिलंय सगळं."

"वाचलं. आत्या, दवाखाना, शिक्का, सगळं बराबर आहे. पण तुम्ही गैरहजर होत्या कधी?"

"दसऱ्यापासून. सुटी लागेपर्यंत."

चंपतरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हजेरीत तं तुम्ही एकही दिवस चुकल्या नाहीत. इतकी हजेरी आमच्या प्रोफेसर लोकांची नाही बाई."

मागे रांगेत रेल्वेचा गार्ड उभा होता. तो मोठ्याने हसला. मी खिडकीचा गज धरला.

"माझा अर्ज परत द्या."

"आता कुठला? साहेबांच्या टेबलावर गेला. मीच हजेरीचा उतारा जोडून पाठवला, मला काय माहीत. उद्या बोलावलंय त्यांनी तुम्हाला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "इथं रोज लोक येतात, म्हणतात साहेब मी हजर होतो, मला हजर करा. हजर असलेलं माणूस मी गैरहजर होतो म्हणून भांडते, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच पाहून राहिलो."

कोणी ओ दिली असेल हे मला विचारावं लागलं नाही.

त्या संध्याकाळी शोभाताई आली. मी तिला वर्गात जाऊ दिलं नाही. जिन्याच्या वळणावर, जिथे दिवसाच्या शाळेचे मोडके बाक रचून ठेवलेले असत, तिथे नेलं आणि सांगितलं. आधी तिला कळेना.

"अर्ज? कायचा अर्ज?"

"गैरहजेरी माफ करा म्हणून."

"अगं पण तू हजर होतीस!"

"मी दवाखान्यात होते शोभा."

"ते मला माहीत आहे. पण इथे हजर होतीस ना." ती पुढे बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा उतरला. "मला विचारलं काहून नाहीस तू?"

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं नसते! नियमच तो आहे."

"जळो तुझा नियम."

"वा वं! एवढे दिवस तुझ्यासाठी घसा सुकवला मी. माझ्या नंबराला माझा आवाज, तुझ्या नंबराला तुझा. नियम नसता तं कधीचीच बुडाली असतीस."

"मी बुडतच नव्हते. कारण खरं होतं, दाखला खरा होता. साहेबांनी माफ केलं असतं. तू ओ दिलीस म्हणून बुडते आहे."

हे ऐकून ती मोडक्या बाकावर बसली. खाली रस्त्यावर सायकलच्या घंट्या वाजत होत्या. ती हळूच म्हणाली, "हजर, सर."

तो माझा आवाज होता. हुबेहूब. शब्दाच्या शेवटी मी सूर खाली टाकते, बालाघाटकडची ती सवय मला स्वतःला कधी ऐकू आली नव्हती, ती तिने टिपली होती.

"इतकं चांगलं म्हटलं होतं मी," ती म्हणाली. मग रडायला लागली.

तिचं काय जाणार होतं हे मला ठाऊक होतं. एक्सचेंजमध्ये नंबर फिरवायचं नवं यंत्र येणार होतं. जोडून देणाऱ्या बायका कमी होणार, त्यातल्या पदवीवाल्यांना आधी दुसऱ्या कामावर घेणार असं वरून आलं होतं. भावजय आत्ताच ताटात बघून वाढायची. खोटी ओ दिल्याबद्दल सत्र गेलं तर तिचंही हेच शेवटचं वर्ष होतं.

मी नाव सांगेन का, असं तिने विचारलं नाही. एवढंच विचारलं, "तुला कधी बोलावलं आहे?"

"उद्या."

घरी आल्यावर मी यजमानांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "सांगून टाक नाव. त्यात काय इचार करायचा? तू सांगितलं नोतं तिले असं करायले."

"तिचं वर्ष जाईल."

"आन् तुह्यं? तुह्या बापानं पोटाले चिमटा काढून शिकोलं तुले. बारा वर्सं वाट पाह्यली. मी पोरायले सांभाळून राहिलो रोज संध्याकाळी, थे कायच्यासाठी?"

"तिला मुलगी आहे."

"आपल्याले दोन हायेत."

भीमाबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून डोकं वर न काढता विचारलं, "कोन व्हय वं थे बाई?"

"महालातली आहे माय. बामणाची."

"आन् तुह्यासाठी खोटं बोलली?"

"हो."

"रोज?"

"रोज."

त्यांनी एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "पंचशिलात खोटं बोलू नोको म्हनते. चुगली कर म्हनत नाही."

"माय, तुले यातलं नाही समजत," यजमान म्हणाले.

"नसन समजत," भीमाबाई म्हणाल्या आणि तांदूळ पाखडायला लागल्या.

प्राचार्य वझलवार सर म्हणजे काळा कोट, पांढरं धोतर, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. कडक होते, पण दुष्ट नव्हते, हे आज सांगते. तेव्हा त्यांच्या खोलीत शिरताना मला तसं वाटलं नव्हतं.

"बसा बाई."

मी उभीच राहिले.

"अर्ज तुमचा?"

"हो सर."

"दाखला खरा?"

"हो."

"म्हणजे हजेरी खोटी." त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी सरळ केले. "तुम्ही कोणाला ओ द्यायला सांगितलं होतं?"

"नाही सर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा नाही."

"आता?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण त्यांच्यासमोर माझाच अर्ज पडला होता, मी जिथे नव्हते तिथे नव्हते असं सांगणारा. त्याच तोंडाने पुढचं खोटं निघेना.

"आता आहे," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. "बरं झालं तुम्ही हे बोललात. आता नाव सांगा. तुमचं कारण खरं आहे, तुमची गैरहजेरी मी माझ्या अधिकारात माफ करतो. इथे, आत्ता, तुमच्यासमोर सही करतो. तुमच्यासारख्या बाईचं वर्ष जावं असं मला वाटत नाही."

त्यांनी खरोखरच पेनाचं टोपण काढलं. मला ते पेन आजही दिसतं, हिरवं, सोनेरी पट्टी असलेलं. इतक्या जवळ होतं माझं बी.ए.

"आणि जिचं नाव सांगेन तिचं?"

"तिचं सत्र रद्द होईल. दुसरा मार्ग नाही."

माझी नजर त्या पेनाच्या निबावर होती.

"बाई, मी कॉलेज चालवतो. थंडीत विद्यापीठाची समिती येणार आहे, कायमची मान्यता द्यायची की नाही ते बघायला. रात्रीचं कॉलेज म्हणजे हजेरीचा बाजार, असं आधीच लोक म्हणतात. मला हे झाकता येणार नाही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्यामुळे मी जास्त घाबरले. "बाईच्या नंबरावर पुरुषाने ओ दिली नसणार. बायका तुम्ही सहा. तुम्ही नाव सांगितलं नाही तर पाचही जणींची सत्रं मला अडवून ठेवावी लागतील. चौकशी बसेल. एकेकीला इथे उभं करावं लागेल."

पाच जणी. त्यात मेयो इस्पितळातली एक नर्स होती, जी रात्रपाळीच्या आधी दोन तास येऊन बसायची आणि डुलक्या घ्यायची. एक शाळामास्तरीण सातव्या महिन्यात होती, जिना चढताना मध्ये दोनदा थांबायची. त्यांनी काहीच केलं नव्हतं. निदान माझ्यासाठी नव्हतं केलं.

बाहेर घंटा झाली. पावलं वर गेली, दारं लागली. सर वाट बघत होते. टोपण काढलेलं पेन त्यांच्या हातात तसंच होतं.

मी यजमानांचं बोलणं आठवत होते आणि ते सगळं खरं होतं. मी काही सांगितलं नव्हतं. मी काही मागितलं नव्हतं. नाव सांगणं म्हणजे खरं बोलणंच होतं. पाच अक्षरं. उमाळकर. जिभेवर आलं होतं, मी ते गिळलं.

"सर, ही चौकशी कशासाठी?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"माझं सत्र मंजूर करायचं की नाही, यासाठीच ना?"

"अर्थात."

"मग मी सत्र मागितलंच नाही तर?"

ते माझ्याकडे बघत राहिले.

"माझं नाव काढून टाका सर. मी कॉलेज सोडते. मग माझी हजेरी खरी होती की खोटी, याच्याशी कोणाला काही करायचं राहत नाही. अर्जही माझाच आहे, तो मी परत घेते."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"हो सर."

"जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा आहे. पुढच्या वर्षी तुमचं ते जबलपूरचं वर्ष कोणी धरणार नाही."

"कळतं."

"तुम्ही बाहेरच्या विद्यापीठातल्या. घरी बसूनही देता येणार नाही."

"तेही कळतं."

"एका नावासाठी?"

मी फक्त मान हलवली. बोलले असते तर रडू आलं असतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा. कारण घरगुती अडचण लिहा. आणि एक लक्षात ठेवा, हा कागद चंपतरावांच्या हातात गेला की मला परत घेता येणार नाही."

मी त्यांच्या टेबलाशी वाकून, उभ्याउभ्या लिहिलं. अक्षर माझंच वाटेना. मी सही करेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी टेबलावरची घंटी दाबली. चंपतराव आले, कागद वाचला, आधी माझ्याकडे, मग सरांकडे बघितलं, आणि घेऊन गेले.

मी दाराशी पोचले तेव्हा सर म्हणाले, "तुमच्या बाकावर निरोप द्या. आजपासून हजेरी मी स्वतः घेणार आहे. मान वर करून."

शोभाताई जिन्याच्या वळणावर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकली.

"सांगितलंस?"

"नाही."

"मग?"

"मिटलं. तुझं सत्र लागेल. सगळ्यांचं लागेल."

"तुझं?"

मी पदराने तोंड पुसलं. तिला समजायला वेळ लागला नाही. ती एकदम जिन्याकडे वळली. मी तिचं मनगट धरलं.

"सोड मला, सिंधू."

"वर जाऊन काय करशील? माझं नाव काढून झालं. आता तू सांगितलंस तर तुझं जाईल, माझं परत येणार नाही."

"मला नको हे असलं! कोणी सांगितलं होतं तुला?"

"तुला तरी कोणी सांगितलं होतं?"

तिने हात हिसडला, मी सोडला नाही. दोघी अशा ओढाताण करत उभ्या होतो, पोराबाळांच्या दोन बायका, जिन्यात. खालून गार्ड वर येत होता. तो आम्हाला बघून थबकला, मग अंग चोरून बाजूने गेला.

"जा," मी म्हटलं. "आज साहेब हजेरी घेताहेत. तुझा नंबर जाईल."

ती जाईना. मी तिला ढकललं, खरोखर ढकललं, खांद्याला धरून. तेव्हा ती गेली. शिव्या देत गेली.

घरी यजमानांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांनाही कळलं. ते पुष्कळ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. भीमाबाईंनी मात्र हात धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "आता काय वं?"

"आता पहिल्यापासून, माय. तीन वर्षं."

"मंग कर," त्या म्हणाल्या. "भाकरी कोन थापते थे मी पाहतो."

आणि मी केलं. एकोणसत्तरच्या पावसाळ्यात दुसऱ्या कॉलेजात, पहिल्या वर्षाला, माझ्याहून निम्म्या वयाच्या पोरींत जाऊन बसले. बहात्तरच्या उन्हाळ्यात बी.ए. झाले. तोवर आमच्या शाळेतले वरचे वर्ग माझ्यामागून लागलेल्या एका बाईकडे गेले होते. तिच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. बाई चांगली होती. पण पहिल्या दिवशी तिच्या खुर्चीसमोर उभं राहून मस्टरवर सही करताना काय वाटलं, ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

शोभाताई त्याच वर्षी पास झाली. तिने मला सांगितलं नाही, पेपरात नंबर बघून मलाच कळलं. तिला दुसऱ्या कामावर घेतलं, अमरावतीला बदली झाली, मुलीला घेऊन ती गेली. एक पत्र नाही. मला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं, कारण समोर आली असती तर मी काय बोलले असते?

सात वर्षांनी ती आली. नागपूरला भाचीच्या लग्नाला आली होती, तिथून इंदोऱ्याला. रिक्षातून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही, अंगाने भरली होती, केस पिकले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मुलीचं, बदल्यांचं, माझ्या पोरांचं. मग ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"एकदा तरी वाटलं का तुला," ती म्हणाली, "नाव सांगून टाकायला हवं होतं म्हणून?"

"वाटलं ना. दर जूनमध्ये. तीन वर्षं."

मला वाटलं ती हसेल. हसली नाही.

"मला रोज वाटायचं," ती म्हणाली. "सांगून टाकलं असतंस तं मी तुझ्याशी मोकळेपणी भांडले असते. हे काय, पगार घेतला तरी तुझी आठवण, पोरीची फी भरली तरी तुझी आठवण. चिठ्ठी लिहायला बसायची आणि फाडायची. काय लिहू? आभारी आहे?"

मी म्हटलं, "शिव्या लिहायच्या होत्यास."

"त्या तं तेव्हाच दिल्या होत्या," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा तो जुना हसरा चेहरा क्षणभर दिसला.

आतून भीमाबाईंचा आवाज आला. त्यांना आता नीट दिसत नसे, पण ऐकू सगळं यायचं. "सिंधू, त्या बाईले म्हन जेवल्याबिगर जाऊ नोको. भाकरी होऊन राहिल्या."

शोभाताईने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिकडे लग्नघरात तिची वाट बघत असणार. ती उठली, मला वाटलं निघाली. पण तिने चपला दाराच्या आत सरकवल्या, पदर कमरेला खोचला आणि चुलीकडे जात म्हणाली, "सरका मावशी, उरलेल्या मी थापतो."